लोणारचे तळे आणि पृथ्वीचा जमाखर्च

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



दिवसभर शेतात राबून, घरचे सारे आवरून, तुम्ही रात्री पाटी-पुस्तक घेऊन येथे येता. तेव्हा तुमचा वेळ आम्ही वाया घालवणार नाही. आज एकच गोष्ट सांगायची आहे. माणसाचा पसारा वाढला आहे, आणि त्याचा भार आता पृथ्वीला पेलेनासा झाला आहे. गोष्ट मोठी आहे खरी. पण ती समजण्यासाठी लांब जायला नको. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच तिचा नमुना आहे. तो म्हणजे लोणारचे तळे.

तळे कसे झाले

लोणारची जुनी कथा तुम्हाला ठाऊक आहे. लवणासुर नावाचा दैत्य येथे दडून राहत असे. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले. त्या दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ लोणार गावात आजही उभे आहे.

शास्त्रज्ञ जी हकीकत सांगतात तीही ऐकण्यासारखी आहे. फार फार पूर्वी आकाशातून एक प्रचंड उल्का आली आणि आपल्या काळ्या पाषाणावर आदळली. जमिनीला मोठा खड्डा पडला. पूर्वी समजत की ही गोष्ट ५० हजार वर्षांपूर्वीची. २०११ साली नवे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात हे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. खड्ड्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आहे. खोली दीडशे मीटरच्या आसपास आहे. चंद्रावर असे खड्डे पुष्कळ आहेत आणि तिथलाही खडक असाच काळा आहे. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोक देशोदेशींहून लोणारला येतात.

त्या खड्ड्याच्या तळाशी आपले तळे आहे. पाणी खारे. नुसते मिठासारखे खारे नव्हे, तर सोड्यासारखे खारे. हातावर घेतले तर बुळबुळीत लागते. अकबर बादशहाच्या काळी अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’ हा ग्रंथ लिहिला. साबण आणि काच करण्याला लागणारा माल या ठिकाणी मिळतो, असे त्यात नोंदले आहे.

पाण्याचा जमाखर्च

आता नीट लक्ष द्या. हे पाणी खारे का झाले?

दुकानदार वही ठेवतो. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. तशी तळ्याची वही मांडू. जमा काय? पावसाचे पाणी. चहूबाजूच्या उतारावरून येणारे ओघळ. आणि झरे. गोमुखातून पडणारी धार तुम्ही पाहिली असेल. शिवाय रामगया आहे, सीता न्हाणी आहे. हे सारे पाणी गोडे आहे.

खर्च काय? येथेच खरी मेख आहे. या तळ्यातून एकही ओढा बाहेर निघत नाही. एकही नदी निघत नाही. पाणी बाहेर जाण्याची मुख्य वाट एकच. ती म्हणजे ऊन. उन्हाने पाणी उडून जाते.

पण पाणी उडाले तरी त्यातला खार उडत नाही. घरी कढईत मिठाचे पाणी आटवून पाहा. पाणी जाते, मीठ तळाशी राहते. लोणारचे तळे ही तशीच एक मोठी कढई आहे. खडकातला खार पाण्याबरोबर थोडा थोडा आत येत राहिला. हजारो वर्षे येत राहिला. त्याला बाहेर जायला वाट नव्हती. म्हणून तो साठला.

या खारात मासे आणि बेडूक जगत नसत. पण अतिशय बारीक जीव मात्र जगत होते. निळ्या-हिरव्या शेवाळाने पाणी हिरवेगार दिसे. जगात दुसरीकडे क्वचितच मिळतील असे सूक्ष्म जीव येथे घर करून राहिले. गोड्या पाण्याची जमा आणि उन्हाचा खर्च यांची तोंडमिळवणी होती. त्या तोंडमिळवणीवर त्यांचा संसार चालला होता.

आता ही गोष्ट मनात पक्की ठेवा. जेथून बाहेर जायला वाट नाही, तेथे जे जे आत पडते ते ते आतच राहते.

कढईत काय काय पडू लागले

तळ्याच्या काठावर गाव आहे. गाव पूर्वी लहान होते. धारेवर आंघोळ करणारे यात्रेकरू मोजके होते. मातीने, शिकेकाईने आंघोळ होत असे. मग गाव वाढले. तालुक्याचे ठिकाण झाले. घरे वाढली, मोऱ्या वाढल्या. साबण आला, कपडे धुण्याची पावडर आली. पाणी उताराने जाते, त्याला कोणी सांगावे लागत नाही. गावाचे सांडपाणी तळ्यात उतरते, ही तक्रार कित्येक वर्षे होत आली. तळ्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले.

दुसरी गोष्ट शेतीची. विवराच्या भोवती शेते आहेत. पूर्वी विवराच्या आतही लोक पिके घेत. शेताला खत घातले की त्यातले काही पिकाला लागते आणि काही पाण्याबरोबर वाहते. वाहिलेले खत तळ्यात गेले की तेथे तण आणि शेवाळ माजते. ते कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते.

तिसरी गोष्ट रानाची. उतारावर विलायती बाभूळ माजली. जुन्या देशी झाडांची जागा तिने घेतली.

यातली एकही गोष्ट कोणी वाईट हेतूने केली नाही. बाईने मुलांचे कपडे धुतले. शेतकऱ्याने पीक यावे म्हणून खत टाकले. यात्रेकरूने धारेखाली पुण्य जोडले. प्रत्येकाचे पाणी घागरभर होते. घागरी मात्र लाखो झाल्या.

गुलाबी पाणी आणि वाढते पाणी

जून २०२० मध्ये एक नवल झाले. तळ्याचे पाणी गुलाबी झाले. वर्तमानपत्रांत चित्रे आली. कोणी म्हणाले देवीचा कोप, कोणी म्हणाले शुभशकुन. वन खात्याने पाण्याचे नमुने काढले. ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेत तपासले गेले. तेव्हा उलगडा झाला. पाणी कमी झाले होते, ऊन कडक होते, खार दाट झाला होता. अशा दाट खारात वाढणारे काही सूक्ष्म जीव असतात. त्यांच्या अंगी गुलाबी रंग असतो. ते फार वाढले. पुण्याला नमुना काही वेळ स्थिर ठेवला, तेव्हा ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी स्वच्छ दिसू लागले. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, जीवांचा होता.

त्यानंतरच्या वर्षांत उलटे झाले. पाणी वाढू लागले. ते वाढत वाढत काठावरच्या कमळजा देवीच्या देवळाला जाऊन भिडले. कोणी म्हणेल, पाणी वाढले तर चांगलेच की! एरवी आपण पाण्यासाठीच तर रडतो. पण मंडळी, खाऱ्या तळ्यात गोडे पाणी फार आले की खार पातळ होतो. खार पातळ झाला की खारात जगणारे जीव मरतात. त्यांच्या जागी डबक्यात कोठेही सापडणारे जीव येतात. मग लोणारचे तळे हे लोणारचे राहत नाही. गावामागचे आणखी एक डबके होते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ साली लोणारला राष्ट्रीय भूवारसा ठरवले. २००० साली येथे अभयारण्य जाहीर झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत नाव गेले. ती यादी जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची आहे. हे मान चांगलेच आहेत. पण पाटी वाचून पाणी थांबत नाही. अभयारण्याची हद्द काठापाशी संपते. पाणी त्या हद्दीच्या पलीकडून येते. तळे राखायचे तर पलीकडचे गाव आणि शेतही राखावे लागते.

पृथ्वीलाही मोरी नाही

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, लोणारचं समजलं. पण सगळ्या पृथ्वीचं काय?”

तेच आता सांगतो. पृथ्वी फार मोठी आहे, पण तीही कढईच आहे. सूर्याचे ऊन आत येते. उष्णता बाहेर जाते. एवढीच काय ती देवघेव. बाकी माती, पाणी, हवा, धूर, कचरा, औषधे सारे येथेच राहते. आपल्या घराला मोरी असते, ती घराबाहेर जाते. पृथ्वीची मोरी जाणार कोठे?

पूर्वी हे जाणवत नव्हते, कारण माणसे थोडी होती आणि त्यांचा वापरही थोडा होता. १९५० साली जगात सुमारे २५० कोटी माणसे होती. २०२२ साली ती ८०० कोटी झाली. म्हणजे तिपटीहून अधिक. नुसती तोंडे वाढली असे नाही. वापरही वाढला. कोळसा, तेल, वीज, सिमेंट, खत, प्लास्टिक. आमच्या आजोबांच्या घरात एक कंदील होता. आज प्रत्येक घरात किती दिवे, किती यंत्रे आहेत ते मोजा.

योहान रॉकस्ट्रॉम नावाचे एक स्वीडिश शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली पृथ्वीचा असाच जमाखर्च मांडला. हवामान, गोडे पाणी, जमीन आणि रान, सजीवांची विविधता, खतातले नत्र आणि स्फुरद, समुद्राचे पाणी, अशा नऊ गोष्टी त्यांनी धरल्या. त्यांतल्या बहुतेकींना एक सुरक्षित मर्यादा घातली. २०२३ साली हिशेब तपासला तेव्हा नऊपैकी सहा मर्यादा ओलांडलेल्या होत्या. २०२५ साली सात झाल्या.

या नऊंपैकी तीन गोष्टी आपल्या बांधावरच्या आहेत. त्या पाहू.

युरिया, बोअर आणि धूर

पहिली गोष्ट युरियाची. हवेत नत्र भरपूर आहे. पण पिकाला ते थेट घेता येत नाही. हरभरा, तूर, सोयाबीन यांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले जंतू हवेतले नत्र पिकाला देतात. जर्मनीत १९१३ साली हवेपासून नत्रखताचा माल करण्याचा मोठा कारखाना निघाला. त्या युक्तीने जगाला धान्य मिळाले. हे उपकार विसरता येत नाहीत. पण आज जगात शेतीला दिलेल्या नत्रापैकी सुमारे निम्मेच पिकात जाते. बाकीचे विहिरीत जाते, नदीत जाते, हवेत जाते. म्हणजे दोन पोती घ्यायची आणि एक पोते पाण्यात टाकायचे. पैसे मात्र दोन्हींचे द्यायचे.

दुसरी गोष्ट बोअरची. आपल्या घाटावरचा खडक काळा पाषाण आहे. तो भांड्यासारखा पाणी साठवत नाही. वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांतच काय ते पाणी असते. पावसाने ते भरते. विहिरीने ते बेताने निघते. बोअर मात्र खोलवरच्या भेगा फोडतो. शंभर फुटांवर लागले नाही तर तीनशे, तीनशेवर नाही तर पाचशे. एकाने खोल घेतला की शेजाऱ्याची विहीर तळ दाखवते. मग शेजारीही बोअर घेतो. शेवटी दोघे कर्जात आणि दोघांचे बोअर कोरडे. जगात सर्वांत अधिक भूजल आपला देश उपसतो. साऱ्या जगाच्या उपशाचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारताचा आहे.

घाटाखालची गोष्ट निराळी. पूर्णेच्या काठी खारपाण पट्टा आहे. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत जमिनीखालचे पाणी खारे आहे. तो खार निसर्गाने घातलेला, जुना आहे. पण त्यातून शिकण्यासारखे आहे. जमिनीखालचे पाणी खारट असले म्हणजे माणसाचे काय होते, ते त्या गावच्या लेकी-सुनांना विचारा. देवाने दिलेला खार सोसणे भाग आहे. ज्यांना गोडे पाणी मिळाले आहे त्यांनी ते आपल्या हाताने का नासवावे?

तिसरी गोष्ट धुराची. कोळसा, पेट्रोल, डिझेल जळाले की कर्ब-वायू निघतो. अमेरिकेतील हवाई बेटावर मौना लोआ नावाचा डोंगर आहे. तेथे १९५८ पासून हवेतला हा वायू मोजतात. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० भागांहून अधिक आहे. कारखाने सुरू होण्यापूर्वी तो सुमारे २८० होता. आपण जेवढा वायू सोडतो त्यातला साधारण निम्मा समुद्र, झाडे आणि माती घेतात. उरलेला निम्मा हवेत साठतो. हा वायू गोधडीसारखा उष्णता अडवतो. म्हणून पृथ्वी तापते. २०२४ हे वर्ष मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. हवा तापली की ती अधिक वाफ धरते. एका अंशाला सुमारे सात टक्के अधिक. मग पाऊस येतो तो धो धो येतो, माती घेऊन जातो. आणि मधले खंड लांबतात. पेरणी करून आभाळाकडे डोळे लावणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आणि समुद्राने जो वायू घेतला त्याने समुद्राचे पाणी आंबटपणाकडे झुकते. शिंपल्यांची कवचे त्यात बळकट होत नाहीत. लोणारच्या पाण्याचा गुण बदलतो तो गावापुरता. समुद्राचा बदलतो तो साऱ्या जगापुरता.

कापसाने आटलेला समुद्र

आपला मुलूख कापसाचा. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, असे म्हणत ते कापसामुळेच. म्हणून कापसाचीच एक दूरची हकीकत सांगतो.

मध्य आशियात अरल नावाचा खाऱ्या पाण्याचा समुद्र होता. खरे तर ते तळेच. पण एवढे मोठे की १९६० साली ते जगातले चौथ्या क्रमांकाचे होते. त्याचेही लोणारसारखेच. आत येणाऱ्या दोन मोठ्या नद्या, आमू दर्या आणि सीर दर्या. बाहेर जाणारी एकही नाही. सोव्हिएत सरकारने त्या नद्यांचे पाणी कालव्यांनी कापसाकडे वळवले. कापूस पुष्कळ पिकला. पण जमा थांबली आणि उन्हाचा खर्च चालूच राहिला. चाळीस-पन्नास वर्षांत तळ्याचा फार मोठा भाग आटला. मासेमारीच्या होड्या वाळूत उभ्या राहिल्या. कोळी लोक देशोधडीला लागले. उघड्या तळाची खारी, औषधमिश्रित धूळ वाऱ्याने उडून लोकांच्या छातीत गेली.

लोणारात पाणी नको तेवढे आले. अरलमध्ये यायला हवे तेवढे आले नाही. चूक एकच. वही न पाहता व्यवहार केला.

आम्ही गरिबांनी काय केले?

अशा वेळी हमखास एक प्रश्न येतो. “गुरुजी, कारखाने त्यांचे, मोटारी त्यांच्या, विमाने त्यांची. आम्ही एकवेळच्या भाकरीसाठी राबतो. मग हे आमच्या माथी काऊन मारता?”

प्रश्न रास्त आहे. त्याला उडवून लावणे बरे नव्हे. अमेरिकेतला एक माणूस वर्षाला सुमारे १४ टन कर्ब-वायू हवेत सोडतो. भारतातला एक माणूस सरासरीने सुमारे २ टन. आणि आपल्या देशातही बंगलेवाल्याचा आणि शेतमजुराचा वाटा सारखा नाही. ज्याने अधिक घेतले त्याने अधिक सोडावे, हाच न्याय. हे मागणे आपण सोडता कामा नये. मत मागायला येणाऱ्यापुढे ते मांडावे.

पण दुसरी बाजूही पाहा. विहीर आटली तर घागर कोणाच्या डोक्यावर येते? बंगल्यातल्या बाईच्या नव्हे. पावसाचा खंड पडला तर दुबार पेरणीचे कर्ज कोणाच्या उताऱ्यावर चढते? धुराचा दोष आपला थोडा आहे. दुःख मात्र आपल्या वाट्याला मोठे आहे. घर शेजाऱ्याच्या चुकीने पेटले तरी पाणी घेऊन आपल्यालाच धावावे लागते. शेजाऱ्याला जाब विचारायचा तो विचारूच. आणि बोअरची आणि सांडपाण्याची गोष्ट तर आपल्याच गावची आहे. तेथे अमेरिकेचे नाव घेता येत नाही.

माणसाला हे जमते

नुसते भय दाखवून आम्ही थांबणार नाही. माणसाने मनावर घेतले तर बिघडलेले सुधारते. त्याचेही दाखले आहेत.

आकाशात उंचावर ओझोन नावाच्या वायूचा थर आहे. तो उन्हातले घातक किरण अडवतो. फ्रिजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरलेल्या काही वायूंनी तो झिजू लागला. १९८५ साली दक्षिण ध्रुवावर त्याला मोठे भगदाड पडलेले आढळले. १९८७ साली कॅनडातील माँट्रियल शहरी करार झाला. पुढे जगातल्या सर्व देशांनी तो मानला. ते वायू बंद होत गेले. आज तो थर हळूहळू भरून येत आहे.

अरलच्या उत्तर भागात कझाकस्तानने २००५ साली बांध पुरा केला. तेवढ्या भागात पाणी परत चढले, मासे परत आले.

आपल्या महाराष्ट्रात अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. १९९० नंतर पोपटराव पवार आणि गावकरी यांनी डोंगरावर चर खणले, झाडे राखली, पाणी मुरवले. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असे गावाने ठरवले. ऊस, केळी नको असे ठरवले. किती पाऊस पडला ते मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून, रब्बीला काय पेरायचे ते ते ठरवतात. तेथे कोणी जादू केली नाही. त्यांनी वही ठेवली.

आपल्या जिल्ह्यातही २०१८ साली धरणे-तलावांतला गाळ काढण्याची मोठी मोहीम झाली. गाळ शेतात गेला आणि तलावात पाण्याला जागा झाली. पण जागा झाली म्हणजे काम संपले नाही. साठलेले पाणी कोण किती उपसतो, हे पाहिले नाही तर काय उपयोग? कोठे कोठे प्लास्टिक अंथरलेले शेततळे बोअरच्या पाण्याने भरतात. त्याला पाणी साठवणे म्हणत नाहीत. जमिनीच्या सावलीतले पाणी काढून उन्हात वाळत घालणे म्हणतात.

गावाने काय करावे

आता कामाचे सांगतो. फार नाही, पाचच गोष्टी.

एक. गावात पर्जन्यमापक ठेवा. तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकला आहात. रोजचा पाऊस शाळेच्या भिंतीवर लिहा.

दोन. गावातल्या चार-पाच विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला दोरीने मोजा आणि वहीत नोंदा. दिवाळीनंतर ग्रामसभेत ती वही वाचा. मग गहू किती आणि हरभरा किती ते ठरवा. हरभऱ्याला गव्हापेक्षा पाणी कमी लागते.

तीन. नवा बोअर घेण्याआधी शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करा. गावाने एकत्र बसून नियम करावा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ तर बोअर होऊच देऊ नये.

चार. माती तपासून खत द्या. सोयाबीन, तूर, हरभरा यांना गाठींचे नत्र मिळते. त्यांच्यावर युरियाचे पोते रिकामे करू नका. पैसे वाचतील आणि विहीरही वाचेल.

पाच. मोरीचे पाणी रस्त्यावर, नाल्यावर सोडू नका. घराजवळ शोषखड्डा करा. जागा असेल तर दोन केळी, एक पपई लावा. तेवढे पाणी गावच्या नाल्यात जाणार नाही.

या पाच गोष्टींनी हवाई बेटावरचा आकडा उतरणार नाही. तसे आम्ही सांगत नाही. त्याला राष्ट्रांनी कोळसा कमी करावा लागेल. पण गावच्या विहिरीचा आकडा गावाच्या हातात आहे. आणि ज्या गावाला आपली वही मांडता येते, त्या गावाला सरकारची आणि कारखानदाराची वहीही मागता येते. अडाण्याला कोणीही फसवतो. वही वाचणाऱ्याला फसवणे जड जाते.

मंडळी, अक्षर शिकायचे ते केवळ सही करण्यासाठी नव्हे. येथे जमा किती, खर्च किती, हे वाचता यावे म्हणून शिकायचे. उद्याच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या विहिरीची किंवा हातपंपाची गोष्ट पाच ओळींत लिहून आणावी. पाणी पूर्वी किती खोल होते, आता किती खोल आहे, एवढेच लिहावे. ज्यांना आठवत नाही त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे.